आत्याचा पहिला घास

फोन आला तेव्हा मी कराडला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. बाबांचा फोन दिवसा कधी येत नाही, म्हणून व्हरांड्यात जाऊन घेतला. ते म्हणाले, "अक्का गेली. तू ये." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी इंदूआत्या. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आमच्याच घरात राहिली. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव नदीकाठी आहे, चहूकडे ऊसच ऊस. एसटीने पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. पाणी प्यायला आत गेले, तर चुलीच्या कडेला झाकलेलं पातेलं दिसलं. झाकण न उचलताच वासावरून कळलं... अळंबीचं कालवण. मग झाकण उचललं. सगळं तसंच होतं, फक्त एका माणसापुरतं कमी.

ते एका माणसापुरतं कमी का होतं, ते सांगायला हवं. ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरतं, उसाचा वाळका पाला. बाबा ते पेटवत नाहीत, बांधाकडेला ढीग घालतात. पावसाळ्यात तो ढीग आतून कुजतो, हात घातला तर ऊब लागते. मध्येच उघडीप पडून उकडायला लागलं की त्यावर रानची अळंबी उगवते. आत्या सकाळी पाटी घेऊन जायची. बोट दाखवलं की अळंबी कुजते असं ती मानायची, म्हणून मला दाखवतानाही मूठ वळून दाखवायची. घरी आल्यावर कालवण करायची आणि वाटीभर एकटीच खायची. संध्याकाळपर्यंत बाकी कुणी पातेल्याला हात लावायचा नाही. "सांच्याला मी जित्ती असले तर जेवा, न्हाईतर भाकरी-चटणी हायच की," असं म्हणून उंबऱ्यावर बसायची. आई दारातून बघत राहिली की तिला चिडवायची, "बघतीस काय गं? माझी लुगडी वाटून घ्यायची घाई झालीया व्हय?" आई लटक्या रागानं आत जायची, पण थोड्या वेळानं परत डोकावायचीच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वनस्पतिशास्त्र घेतल्यावर मला वाटलं, आत्याला अळंबी कशी ओळखता येते ते विचारावं. सगळ्या गल्लीलाच वाटायचं की तिला ओळख आहे. ती भाकरी थापत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, "मला न्हाई वळखू येत." मला वाटलं, चेष्टा करते. पण ती खालीच बघत होती. "आमच्या ल्हानपणी घरात दाणा नसायचा. तुझा बाप लय ल्हान, सारखा रडायचा. ढिगावर ही उगावली हुती. चांगली का वाईट, कुणाला ठावं? म्हणून म्या आधी खाल्ली, सांजपतोर बसून ऱ्हायले, मग त्याला दिली. तवापासनं तसंच चाललंय." मी चाचरत म्हणाले, "आत्या, काही अळंबींचं विष लगेच चढत नाही. दोन-दोन दिवस कळतच नाही." तर ती हसली. "दोन दिसात सडत्यात की गं ती! मग काय खाशील, माझं मडं?"

डॉक्टरांनी मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणून सांगितलं. तिला रक्तदाबाचा त्रास होताच. पण दुखवट्याला आलेली माणसं हळू आवाजात विचारायची, "सकाळी अळंबी खाल्ली हुती म्हणं?" आई होकाराची मान हलवायची. बाबांनी ते पातेलं कालवणासकट परड्यात पुरलं आणि वर दगड ठेवला. मग जन्मात न केलेली गोष्ट केली... पाचटाचा ढीग पेटवला. ओलं पाचट नीट पेटलं नाही. वर काळं झालं आणि आत धुमसत राहिलं. तो धूर घरात शिरायचा, अंथरुणाला, भाकरीला त्याचा वास यायचा. मला तेव्हापासून एकच विचार सोडत नाही. डॉक्टर खरे असतील तर आत्या तिच्या मरणानं गेली. आणि नसतील तर... आई-बाबांच्या वाटचं मरण ती खाऊन गेली. मी पुस्तकं चाळली, सरांनाही विचारलं. ते म्हणाले, आता काही सांगता येणार नाही. बाबांनी कुणालाच काही विचारलं नाही. त्यांचं जेवणच तुटलं होतं.

गेल्या रविवारी मी घरी होते. बाबा सकाळी रानातून आले. डोक्याचा टॉवेल सोडून हातात गाठोड्यासारखा धरला होता. जळक्या ढिगातून पुन्हा अळंबी वर आली होती, तशीच पांढरी, बुडाला काजळी लागलेली. आई म्हणाली, "आवं, टाकून द्या ती." "शिजव," बाबा म्हणाले. "मी खाणार हाय." मी म्हणाले, "बाबा, यानं काहीच कळणार नाही. त्या दिवशीची वेगळी असेल, आजची वेगळी." "कळू दे, न्हाईतर न कळू दे. शिजव." आई रडत रडत चुलीपाशी बसली.

उंबऱ्यावर बसून त्यांनी वाटी संपवली. तो दिवस कसा गेला ते मला लिहिता येत नाही. आई भांडी पुन्हा पुन्हा घासत होती. मी पुस्तक उघडून बसले होते, आणि बाबांनी कूस बदलली तरी दचकत होते. दिवेलागणीला ते उठले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "वाढ सगळ्यांना." आम्ही ताटावर बसलो खरे, पण कुणाचा हात पुढे होईना. बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

"उभ्या जन्मात तिच्यामागनंच खाल्लं म्या," ते म्हणाले. "पयला घास कसा लागतो, कवा कळलंच न्हाई. सकाळी तीनदा वाटी खाली ठिवली म्या."

त्यांनी हातातला तुकडा कालवणात बुडवला.

"अक्का तर हसत खायची गं..."