एकाच टाकीचे पाणी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्रेपन्न बिऱ्हाडे आहेत आणि त्या उन्हाळ्यात आजारी पडलो तो मी एकटा. ही गोष्ट माझ्याविरुद्ध वापरली जाणार, याची कल्पना मला सलाइन लावलेल्या अवस्थेतही होती.

पाच दिवस ताप, जुलाब आणि पोटात पीळ. तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. बाहेरचे मी खात नाही. घरी आम्ही नवरा-बायको नळाचे पाणी गाळून माठात भरतो, आणि नळाला ते येते सोसायटीच्या तळटाकीतून. म्हणून अंगात बळ येताच मी समितीला पत्र लिहिले: टाकी शेवटची कधी साफ केली त्याची नोंद दाखवावी, पाण्याचा नमुना तपासणीस पाठवून मग टाकी धुवावी, सात दिवसांत उत्तर द्यावे. उत्तर आले नाही. दुसरे पत्र, तीन मजले खाली राहणाऱ्या सेक्रेटरीला, मी पोस्टाने पोचपावतीसह पाठवले. तेव्हा तो वर आला.

“काका, पोस्टाने कशाला? बेल वाजवायची ना!”

“बेलची पोच मिळत नाही.”

“बरं, मला सांगा, काकूंना काही झालं?”

“नाही.”

“त्याही हेच पाणी पितात ना? की त्यांना वेगळी लाइन टाकलीय?”

“मी आजारी पडले नाही म्हणून आता मलाही नोटीस येईल बघ,” पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली. दोघेही मनसोक्त हसले. पाणी एक, माठ एक, मग माणूस एकच का आजारी पडला, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि म्हणूनच संताप अनावर झाला होता.

आजार पाण्यामुळेच झाला, असा दाखला घ्यावा म्हणून मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दाखल्याऐवजी प्रश्न विचारला.

“आजाराच्या आधी कुठलं औषध घेतलं होतं?”

दाढ ठणकत होती. तीन वर्षांपूर्वीची दंतवैद्याची चिठ्ठी मी फाइलमध्ये जपून ठेवली होती. ती दाखवून अँटिबायोटिक आणले आणि पाच दिवस घेतले. सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत आयुष्य गेलेल्या माणसाने कालबाह्य कागदावर औषध मिळवावे, हे सांगताना माझाच आवाज उतरला.

“आतड्यात आपले कोट्यवधी जंतू मुक्कामाला असतात,” त्या म्हणाल्या. “जागा त्यांनी अडवलेली, अन्न ते खातात, आणि बाहेरून आलेल्या जंतूला मानवणार नाहीत अशी आम्लं तयार करतात. तुमच्या गोळ्यांनी दाढेतल्या जंतूंबरोबर तेही मारले. मग ज्या थोड्याशा साल्मोनेलाला काकूंच्या पोटात थारा मिळाला नसता, त्याला तुमच्याकडे मोकळं मैदान मिळालं.”

“म्हणजे असंच घडलं, हे निश्चित?”

“शक्यता मोठी आहे. निश्चित म्हणणार नाही. प्रत्येकाची वस्ती निराळी असते.”

त्यांनी कागदावर लिहिले: ‘आजारापूर्वी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेतले होते.’ ते वाक्य गाळता येईल का, असे मी विचारले. नाही, म्हणाल्या. विचारल्याची मला लाज वाटली, हेही नमूद करतो.

तो कागद दोन दिवस टेबलावर पडून होता. जोडला तर टाकीची तक्रार बुडणार. दडवला तर आयुष्यभर ज्यांना मी कागद दडवल्याबद्दल फैलावर घेतले, त्यांच्या पंगतीत बसणार. समितीच्या बैठकीत तो मीच मोठ्याने वाचला.

“घ्या!” सेक्रेटरी म्हणाला. “काका, वॉचमन तुम्हीच काढून टाकलात आणि चोरी झाल्यावर सोसायटीला धरता!”

“वॉचमन काढणं हा माझा निष्काळजीपणा. तो मान्य. पण त्यामुळे चोर निर्दोष ठरत नाही. तो कुठून तरी आलाच ना? आणि धडधाकट माणसाला पचतं ते पाणी शुद्ध, असं कुठल्या नियमात आहे? या इमारतीत आज अँटिबायोटिक घेणारे आणखी किती जण आहेत, समितीला माहीत आहे?”

मग खजिनदारबाई हळूच सेक्रेटरीला म्हणाल्या, “अरे, तुझ्या आईचा डोस चालू आहे ना? गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा?”

त्याने मोबाइल उलटा ठेवला. “किती दिवस धोका असतो, काका?” त्याने विचारले. मला माहीत नव्हते, तसे सांगितले. डॉक्टरबाईंचा फोन नंबर दिला. त्याने तो तिथेच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी धुतली गेली. ठराव नाही, सूचना नाही, इतिवृत्तात ओळ नाही. गटाराच्या बाजूच्या भिंतीला हातभर ओली चीर निघाली, तीही लगेच सिमेंटने बुजवली. मी धापा टाकत खाली पोचलो तोवर गाळासकट सगळे पाणी वाहून गेले होते.

“नमुना?” मी विचारले.

“काय करायचाय आता? स्वच्छ झाली ना टाकी!”

पाण्यात तो जंतू होता की नाही, हे आता जगातले कोणतेही कार्यालय सांगू शकणार नाही. त्याच्या आईला काही झाले नाही. त्या रोज सकाळी काठी टेकत अंगणात फेऱ्या मारतात, आणि त्यांना बघून मला मनापासून बरे वाटते. सेक्रेटरी मात्र आता सगळ्यांना सांगतो, की पाण्यात दोष असता तर आई आधी आजारी पडली नसती का?