तांदळातलं नाव

दहाव्याला काका काशीत दुर्गाघाटाच्या पायरीवर दर्भ सारखे करत बसले होते. माझे सख्खे काका, आणि घरचे भटजीही तेच. विधी माझ्या बायकोचे होते. माझे पाय पाण्यात होते, हे मला खाली बघितल्यावर कळलं.

"नाव कोणतं घेऊ?" त्यांनी विचारलं.

तिला नावं दोन. आईवडिलांनी इंग्लंडात ठेवलेलं टॅन्सी. तिकडेही ते फारसं कुणाचं नसतं. टॅन्सी म्हणजे पिवळ्या बटणांसारखं एक रानफूल. शब्द मुळात ग्रीक, फ्रेंचमधून फिरत फिरत इंग्रजीत आलेला, आणि अर्थ अमरत्व. वाळलं तरी ते फूल लवकर बिघडत नाही म्हणे. पूर्वी तिकडे ते शवपेटीत ठेवत, हेही तिने पहिल्या भेटीतच चहा पिता पिता हसत सांगितलं होतं.

दुसरं नाव लग्नातलं. आमच्याकडे नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. काकांनी अर्थ विचारून घेतला आणि त्याच अर्थाचं संस्कृत नाव काढलं. मी ते लिहिलं, पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला. पुढे ते नाव कुणी घेतलं नाही. दूधविनायकाच्या गल्लीत ती टॅन्सीच राहिली. भाजीवालीची तान्सी बहू.

"रोजचं म्हणशील तर रोजचं घेतो," काका म्हणाले. "शास्त्राची काही दिक्कत नाही. तिलाही आपलं वाटेल."

काका भले आहेत. पण या दिवसांत नावाला 'प्रेत' हा शब्द जोडतात, आणि तो मलाही मोठ्याने म्हणावा लागणार होता. मनातल्या मनात टॅन्सीला जोडून पाहिला. जीभ उचलेना. मला संताप आला, कुणाचा ते माहीत नाही.

"तांदळातलं घ्या," मी म्हणालो.

ते नाव मी 'प्रेत'सकट स्पष्ट म्हटलं. काहीच वाटलं नाही. कुणा अनोळखी बाईचं उरकत होतो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. काही इच्छा मागे राहिली नाही, सुटली, असं काका म्हणाले. निदान थोडा वेळ तरी तिने अडून बसायचं होतं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली बसलेली. ती आजच गावाहून आली होती, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. टोपलीतून डोकं वर न काढता तिने विचारलं, "भइया, तान्सी बहू नहीं आईं?"

काका थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"घर पे हैं," मी म्हणालो.

तिने टॅन्सीला आवडतात तसे कोवळे परवल निवडायला घेतले. मी पिशवी पुढे धरली.