लग्नाचा व्हिडिओ आणि नवी स्क्रीन

लॅपटॉपची स्क्रीन बदलावी की नाही, ते ठरवायला मी आणि माझी मुलगी वर्ध्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने जास्त स्पष्ट दिसणारी स्क्रीन तात्पुरती जोडून दिली. "मावशी, काही लावून पाहा."

मुलीने स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यात तिचे वडील पंगतीत वाढत होते. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत ते पोटाच्या कॅन्सरने गेले. जुन्या स्क्रीनवर ते म्हणजे नुसता इकडेतिकडे फिरणारा पांढरा सदरा. इथे चेहरा दिसला. वाकून वाढलं की ते डावा हात पोटावर दाबत, दात आवळत, आणि मग पुढच्या पाहुण्याला हसून म्हणत, "घ्या ना, लाजता काऊन?" पोट दुखतं हे तेव्हा त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

मुलगी रडायला लागली. "माय, राहू दे. जुनीच बरी होती."

"काऊन? त्यायनं एकट्यानं सोसलं. मले तं नुसतं पाह्याचं हाय."

दुकानदाराला मी तीच स्क्रीन बसवायला सांगितली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला.