सुईची दांडी

कुठलीही वस्तू हातात आली की मिस्त्री आधी डावा डोळा मिटायचे, मग ती कानाशी नेऊन एका बोटानं हलवायचे. शिलाई मशीन कानाशी नेता येत नाही, म्हणून तिथं स्वतःच वाकायचे. अशी माणसं तुम्हीही बघितली असतील, त्यांना यंत्राचं दुखणं कानानंच कळतं. आमच्या साताऱ्यात फौजेतून परतलेली माणसं गल्लोगल्ली, त्यातले हे एक. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मशीन दुरुस्तीचं दुकान. कुणी काही समजावू लागलं की त्यांचं ठरलेलं, "कागदावर ब्येस हाय. आता हातात द्या."

हे वाक्य माझ्या वाट्याला सगळ्यांत जास्त आलं, कारण माझं सगळं कागदावरच होतं.

नव्वदच्या दशकात मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्टला बाकीची पोरं पंप नि पवनचक्की करत होती. मला अक्कल जास्त, म्हणून मी चतुरासारखं पंख हलवून उडणारं वीतभर यंत्र करायला घेतलं. बावीस पानं गणित झालं. गाईड म्हणाले, "उडालं तर पास, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू." यंत्र काही उडेना. रबर पिळून सोडलं की भोवऱ्यासारखं गरगरून नाकावर पडायचं. परीक्षेला आठ दिवस उरले, तेव्हा मी ते बुटाच्या खोक्यात घालून एसटीनं घरी आलो. आईचं शिलाई मशीन नीट करायला मिस्त्री आलेलेच होते.

मी अर्धा तास गणित समजावलं.

"कागदावर ब्येस हाय. हातात द्या."

डोळा मिटला, यंत्र कानाशी गेलं.

"चतुराला चार पंख असत्यात. हितं दोनच?"

"दोनच धड हलेनात, मिस्त्री."

"हलतील कशे? डावा आधी जातोय, उजवा मागनं. लंगडतंय की वो हे!"

खरंच होतं. रबराच्या पिळानं फिरणाऱ्या चकतीवरच्या एकाच खिळीतून मी दोन्ही पंखांना दोन काड्या दिल्या होत्या. चकती फिरताना खिळी कधी डावीकडे सरकायची, कधी उजवीकडे, त्यामुळे पंख कधी एकदम हलायचेच नाहीत. बावीस पानांत हे मला दिसलं नव्हतं. त्यांनी आईच्या मशीनच्या तोंडावरची पत्री काढली आणि चाक हळूच फिरवलं.

"चाक गोल फिरतंय. सुई कशी जातीया?"

"सरळ. वर-खाली."

"मग दोन्ही पंख सुईसारख्या एका दांडीला टांगा की. मग कोण आधी न् कोण मागं?"

आई म्हणाली, "चहा घ्या." भिंतीवर डोकं आपटावं की मिस्त्रींच्या पायावर ठेवावं, हे मला ठरवता येईना. पुढं दोन दिवस स्वतःचं काम बाजूला ठेवून त्यांनी रिकाम्या रिफिलच्या नळीतून वर-खाली सरकणारी बारीक तारेची दांडी बसवून दिली.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्री कडक इस्त्रीचा शर्ट घालून सांगलीला आले आणि वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. यंत्र उडालं! फडफडत पार पलीकडं गेलं नि फळ्यावर आपटलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, ही दांडीची कल्पना कुणाची? मी इंग्रजीतच सांगितलं, माझी. चार वर्षं शिकलेल्या इंग्रजीचा मी एवढाच उपयोग केला. दाराकडं पाहिलंसुद्धा नाही.

नंतर बांधलेल्या इंग्रजी रिपोर्टची एक प्रत मिस्त्रींना नेऊन दिली. आभाराच्या पानावर प्राचार्य, गाईड, ग्रंथालय, झाडून सगळे होते. ते नव्हते.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?" त्यांनी मोठ्या हौसेनं विचारलं. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी तिथं लाल पेनानं रेघ मारली. ती ओळ टायपिस्टची होती.

हसा खुशाल. पण पुढं पुण्याला नोकरी लागल्यावर साताऱ्याला येताना मी कित्येक वर्षं त्या दुकानासमोरून मान खाली घालून जात होतो, हेही ऐका. दर खेपेला ठरवायचो, आज सांगून टाकू. दर खेपेला आतून हाक यायची, "काय सायेब, उडतंय का अजून?" नि मी "उडतंय की" म्हणून सटकायचो.

मिस्त्री गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं. घरच्यांना भेटायला गेलो. त्यांच्या सुनेनं पाणी दिलं आणि न मागताच रिपोर्ट आणून पुढ्यात ठेवला. त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं होतं. आभाराचं पान उघडलं. लाल रेघ तशीच.

"वहिनी, ही ओळ आहे ना..."

"ठाव हाय. लग्न होऊन आले तवाच मामंजींनी वाचायला लावली. मी सांगितलं, हितं टायपिस्टचं नाव हाय."

"मग?"

"म्हणाले, असू दे. त्यानंबी कष्ट घेतल्यात."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुमाला काय बोलायचं न्हाई, म्हणून बजावलं हुतं. गिऱ्हाइकाला मातर दाखवायचे बरं का. हे पान न्हाई, हे." तिनं पानं उलटून दांडीची आकृती काढली.

मशीनचं तेल लागलेलं बोट वर्षानुवर्षं तिथंच टेकून तेवढा कागद आरपार दिसू लागला होता. मागच्या पानावरचं माझं गणित त्यातून अंधुक दिसत होतं.