शनिवारचा वजनकाटा

चौथ्या मजल्यावरच्या मासोळीला झोपेचा आजार जडलाय, ही बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचायला जेमतेम एक दुपार लागली. सांगणाऱ्या प्रत्येकाने पदरचं तिखटमीठ घातलं. कुणी म्हणालं गोळ्या घेते, कुणी म्हणालं प्रेमभंग. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर तिला जिन्यात, दप्तरावर डोकं टेकून घोरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं ते खरं, बाकी शुद्ध लोणकढी. पोरगी आजारी नव्हती. उपाशी होती.

मासोळी हे नाव तिला इमारतीनेच दिलेलं. जिथे पाणी दिसेल तिथे उडी, म्हणून. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि रोज उजाडायच्या आत पोहण्याच्या तलावावर हजर असायची. तिथल्या प्रशिक्षकांना मुली पाठीमागे शिट्टीसर म्हणत. गळ्यातली शिट्टी ते अंघोळीलाही काढत नसावेत. त्यांचा एक दंडक होता: दर शनिवारी आधी वजन, मग पोहण्याची वेळ. मागच्या शनिवारपेक्षा आकडा वर गेला की सर सगळ्यांसमोर ओरडत, "आली बघा गोणी!"

त्या एका शब्दाच्या धास्तीने मुली शुक्रवारी संध्याकाळपासून तोंडाला कुलूप लावत. पाणीसुद्धा घोटभरच. एकीने नखं मुळापासून कापली, दुसरी केसांतले चिमटे काढून काट्यावर चढली. मग पाण्यात उतरल्या की हात ओल्या चादरीसारखे लोंबायचे. सर घड्याळ बघून करवादत, "पाहिलंत? चरबी मागे ओढतेय!" की पुढच्या आठवड्यात घास आणखी कमी. मासोळीने तर आता शुक्रवारपुरता नाही, रोजचाच घास आखडला होता. आणि रिकाम्या पोटी झोप कसली लागते? त्या झोपेची भरपाई मग जिन्यात.

येत्या शनिवारी रिले शर्यतीसाठी चौघींची निवड होती. त्या चौघींत आपण असावं, यापलीकडे मासोळीला दुसरं काही नको होतं.

घरात तिचा मोठा भाऊ होता. बस सुटत असली तरच धावणारा. हा पठ्ठ्या रात्र रात्र पांघरुणात मोबाइल घेऊन बिस्किटं कुरतडायचा आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी उगवायचा. त्याच्या ताटात कुणी डोकावत नसे. "अभ्यासाने दमतो गं तो," म्हणून आई शिलाई मशीनही हळू चालवायची. मासोळीने मात्र भाताला पुन्हा हात घातला की जिन्यातून जाणारा माणूसही विचारायचा, "खेळाडू ना तू? मग एवढं?"

जिन्यातली बातमी आईच्या कानावर आली, तेव्हा तिने मशीन थांबवलं.

"काय गं, बरं नाही का वाटत?"

"भूक लागते, आई."

"एवढी निवड होऊन जाऊ दे. सरांना कळतं ना बाळा, काय ते."

 पण शुक्रवारी संध्याकाळी मासोळी ताट घेऊन बसली ती मांड ठोकूनच. भात घेतला, उकडलेली अंडी घेतली, पुन्हा भात घेतला.

"अगं, उद्या वजन आहे तुझं!" भाऊ हसला. "काटा मोडशील."

"मोडला तर तुझ्या बिस्किटांच्या पैशांतून नवा घेऊ. भांडं सरकव इकडे."

आईने तोंड उघडलं, पण लेकीचा चेहरा बघून भांडं तिनेच सरकवलं. जेवण झाल्यावर मासोळी दोघांच्या खोलीत गेली, स्टुलावर चढली, रात्री कुणी दिवा लावू नये म्हणून टॉवेलने धरून बल्बच काढला आणि भावाचा मोबाइल आईच्या कापडांच्या ढिगाखाली घातला. भाऊ बोंबलला, "आई, ही दरोडा घालतेय!" आई म्हणाली, "झोप तूही. मरत नाहीस." खूप दिवसांनी मासोळीला गाढ झोप लागली.

सकाळी काट्यासमोर रांग होती. मासोळीची पाळी आली तेव्हा तिच्या हातात केळं होतं. ती काट्यावर चढली आणि सोलून खाऊ लागली. मागच्या मुली माना उंचावून बघू लागल्या.

"हा काय तमाशा?" सर कडाडले. "आकडा बघितलास? गोणी नाही, गोदाम आलंय! खाली उतर. निवडीतून नाव कापतो तुझं."

"कापा," ती शेवटचा घास गिळत म्हणाली. "पण आधी वेळ घ्या. नियम तुमचाच आहे."

सर चरफडले, पण घड्याळ हातात घेतलं. बाकीच्यांची वजनं उरकेपर्यंत मासोळीने दम खाल्ला, मग सगळ्यांबरोबर पाण्यात शिरली. आज हात हाकेला ओ देत होते. शेवटच्या फेरीत, जिथे एरवी डोळ्यांपुढे अंधारी यायची, तिथे तिने पायांचा जोर वाढवला. भिंतीला हात लावून वर पाहिलं, तर सर घड्याळ कानाला लावून बघत होते, बिघडलं की काय म्हणून. उपाशी पोरी एकीमागून एक आल्या, त्या सगळ्या तिच्या मागे.

सरांनी घसा खाकरला. "ठीक आहे. चौघींत घेतो तुला. पण एका अटीवर. पुढच्या शनिवारी आकडा खाली दिसला पाहिजे. आणि या बाकीच्यांसमोर पुन्हा खायचं नाही."

मासोळी पाण्यातून बाहेर आली. टॉवेल खांद्यावर टाकून काठाला धरून धापा टाकणाऱ्या मुलींकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सर, संघात घ्यायचं तर पोटभर जेवलेलीच घ्या. आणि पुढच्या शनिवारी मी या सगळ्यांसाठीही केळी आणणार आहे."