नारूचं नाव घ्यायचं नाही

मी शहरातल्या महाल भागातली, आणि माझी पहिली नोकरी विणकरांच्या वस्तीतल्या मुलींच्या शाळेत. आमच्या घरी नळ आला होता, वस्तीत तो अजून पोचायचा होता. तिथल्या सगळ्यांची तहान एका पायऱ्यांच्या विहिरीवर भागायची. राज्य इंग्रजांचं, आणि वरून हुकूम सुटला होता की मुलांना आठवड्यातून एक तास आरोग्य शिकवा. बाकीच्या बाया मुलींची नखं बघून मोकळ्या व्हायच्या. मला ते जमत नसे. मी तापट होते आणि थातुरमातुर शिकवण्याची मला मनापासून चीड होती.

म्हणून त्या उन्हाळ्यात मी विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन वर्गात गेले आणि पेला खिडकीतल्या उन्हासमोर धरला. पाणी स्वच्छ दिसत होतं. नीट पाहिलं की मात्र त्यात बारीक पांढरे ठिपके झटके देत फिरताना दिसायचे.

"हे ठिपके जिवंत आहेत," मी म्हणाले. "यांच्या पोटात नारूची पिल्लं असतात. पाणी न गाळता प्यालात की ती तुमच्या पोटात जातात. वर्षभर काही कळत नाही. मग एक दिवस पायाला फोड येतो, त्याची आग आग होते, आणि फोडातून पांढरा दोरा डोकावतो. तो नारू."

मला वाटलं होतं, मुली ई ई करून ओरडतील. एकही ओरडली नाही. पेल्याकडे कुणी बघेना, सगळ्या माना खाली. पुढच्या रांगेतल्या एकीनं चक्क हात जोडले.

"बाई, त्याचं नाव नोका घेऊ. त्याले आयकू जाते."

"त्याला कान कुठे आहेत गं?" मी हसून म्हणाले. हसणारी मी एकटीच होते.

हळूहळू त्यांच्याकडून कळलं ते असं. अंगातून नारू निघत असला की त्या वस्तीत त्याचं नाव घेत नसत. त्याला पाहुणा म्हणायचं. नाव घेतलं तर तो आतल्या आत तुटतो, नाहीतर परत वर चढतो, आणि मग पाय सडतो. आणि माझ्या वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी त्या आठवड्यात आली नव्हती, कारण तिच्याकडे पाहुणा आला होता.

शाळा सकाळची होती. सुटल्यावर मी टळटळीत उन्हात तिच्या घरी निघाले. वाट विहिरीवरून जायची. मी काठावरून खाली डोकावले आणि तिथंच थबकले. शेवटच्या पायरीवर सातआठ माणसं ओळीनं बसली होती. बाया, बाप्ये, एक म्हातारा. प्रत्येकाचा एकेक पाय पाण्यात सोडलेला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कुणी वर बघत नव्हतं. त्यांच्याच बाजूला दोघी घागरी बुडवत होत्या.

गल्लीत दोन्ही बाजूंना मागांची खटखट चालू होती. एका घरापाशी ती एकदम थांबली. तेच घर. पाहुणा असला की घरातला माग बंद ठेवतात, दणक्यानं तो तुटू नये म्हणून. अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच पडून होतं, काठावर धूळ बसली होती. बाप दुसऱ्याच्या मागावर कामाला गेला होता.

आत मुलगी पालथ्या टोपलीवर पाय ठेवून बसली होती. घोट्यातून निघालेला दोरा झाडूच्या काडीला गुंडाळलेला, आणि काडी पट्टीनं पायालाच बांधलेली. शेजारी तिची आत्या. या बाईचा जन्म सुताच्या कांड्या भरण्यात गेलेला. त्याच बोटांनी ती काडीला रोज जरासा वेढा द्यायची, ओढ लागली की थांबायची.

"बसा बाई. हळू बोला," ती कुजबुजली. "ऊन उतरलं का हिले विहिरीवर नेतो आम्ही. पाय पाण्यात टाकला का आग थांबते, अन् पाहुणा बी मोकळा होते."

मीही कुजबुजायला लागले, आणि त्याचा मला रागही आला. "विहिरीवर नेऊ नका," मी म्हणाले. "पाय पाण्यात गेला की तो पिल्लं सोडतो. डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेच पाणी घागरीत जातं आणि घागरीतून माणसात. हिचा पाय घरीच बादलीत ठेवा, आणि ते पाणी लांब तापल्या मातीवर फेका."

नाव मी घेतलं नव्हतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मुलगी कान देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हणजे बाई, माह्या पायात आला, थो कोणाच्या पायातून आला?"

मी खूश झाले. पोरीनं असाच विचार करायला हवा! "मागच्या उन्हाळ्यात जे कुणी त्या पायरीवर बसलं असेल, त्यांच्यातून," मी सांगितलं.

आत्याचा हात थांबला. मुलगी दोऱ्याकडे बघत राहिली. "मागच्या उन्हाळ्यात त आई बसे," ती म्हणाली.

मला निरोप द्यायला आत्या दारापर्यंत आली तेव्हा तिनं सांगितलं. आईचा पाहुणा तुटला होता. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप चढला, आणि पावसाळा लागायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आत्या फाटकाशी उभी होती. "पोरगी काडीले हात लावू देत नाही," ती म्हणाली. "म्हणते आईचा आहे, राहू द्या आत. घोटा सुजून राहिला बाई. एक त गेली. आता हे बी जाईल."

मी जवळजवळ धावत गेले. मुलीनं दोन्ही तळव्यांनी घोटा झाकून घेतला होता. तोंड ज्वरानं लाल झालेलं. ती पायाशी काहीतरी बोलत होती, मला पाहून थांबली.

"मले ठाऊक आहे थो किडा आहे," ती आपणहून म्हणाली. "तुम्हीच सांगतलं. पण थो हालते बाई. मी झोपली का हालते. आई बी झोपेत असाच पाय हालवे."

मी घाबरले, सरळ सांगते. पेल्यातले ठिपके दाखवणं सोपं होतं. या पोरीला काय दाखवणार? तुझी आई यात नाही असं म्हणायला गेले तर कालचं माझंच बोलणं आडवं येत होतं.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. "आईतूनच आला असेल," मी म्हणाले. "पण आईला नेलं ते यानंच. तिलाही तो बाहेर काढायचा होता. तिला जमलं नाही. तुला जमेल."

तिनं तळवे बाजूला केले. "आत्या, काडी माह्या हाती दे," ती म्हणाली.

तेव्हापासून वेढा तीच द्यायची. ओठ दाताखाली धरून, जरासाच, आणि पाय बादलीत. मी शाळा सुटली की रोज जायचे, आणि काडीकडे बघायची हिंमत होईपर्यंत दारातच घुटमळायचे. सूज उतरत गेली. एका दुपारी दोऱ्याचं शेवटचं टोक आपसूक सुटलं आणि काडीवरून लोंबायला लागलं.

आत्यानं तो ठेवायला कापूस घेतला आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं. "दे वं," ती म्हणाली. "पाहुण्याले घरी पोचवा लागते. विहिरीत सोडून येतो."

मी काही बोलणार, त्याआधी मुलगी म्हणाली, "विहिरीत नाही आत्या. थो अजून कोणाच्या पायात येईल."

ती लंगडत चुलीपाशी गेली आणि काडी निखाऱ्यांवर ठेवली. दोरा आकसला, मग एकदम ताठ उभा राहिला, क्षणभर तसाच उभा होता. आत्यानं माझा हात घट्ट धरला. मुलीनं डोळ्याची पापणीसुद्धा लववली नाही. जळून राख होईपर्यंत ती उकिडवी बसून होती.

"आईले नेलं तवा मले घाटावर येऊ नाही देल्लं," ती म्हणाली. "पोरीच्या जातीनं येत नसते म्हणे."

मग उठून तिनं मला विचारलं, "बाई, आता आंघोळ करा लागते ना?"

मी हो म्हणाले. आत्यानं पाणी तापत ठेवलं.