एकाचं पथ्य

सदर इसम सार्वजनिक रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पथ्याच्या जेवणाचा आचारी असून सेवानिवृत्तीस आलेला आहे. बांधा आडवा. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा डाग. स्वभाव शांत. कोणाशी वैर असल्याची नोंद नाही. त्याच्या हातचं अन्न पुन्हा वाढण्याची मागणी आजवर एकाही खाटेवरून आलेली नाही.

रुग्णालयात त्याला ‘अळणी’ म्हणत. तोंडावर म्हणत, म्हणजे त्यात लपवाछपवी नव्हती.

त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि ते चार दिवस हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात शिरले होते. मेहुण्याला जेवण बाहेरचं लागे, तळलेलं, तेलाचा तवंग असलेलं. जेवून उठला की आरामखुर्चीत पडून तो करपट ढेकर देई. ते शेजाऱ्यांनाही पाठ झाले होते. अळणीने तेही सोसलं असतं. पण त्या रविवारी मेहुण्याने मटणाची चरबी आणि हाडं टेबलाखालून घरच्या कुत्रीला चारली.

“तिला देऊ नकोस. म्हातारी आहे.”

“दाजी, तुमच्या हातचं खाऊन बिचारीची जीभ गंजली. कुत्र्याच्या जातीला काय धाड भरते?”

धाड सकाळपर्यंत भरली. कुत्री ओकली, मग जुलाब, मग दाराकडे तोंड करून पडली ती शेपूटही हलवेना. या कुत्रीला अळणीने रुग्णालयाच्या मागच्या उकिरड्यावरून पिशवीत घालून आणलं होतं, आणि दिवसभर परत आलेली ताटं बघून घरी येणाऱ्या माणसाच्या अंगावर उड्या मारणारा जीव तेवढा एकच होता. गुरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली. मऊ भात, उकडलेली कोंबडी, मीठ-तेल-मसाला नाही, थोडं थोडं द्या म्हणाले. वय बघता काही सांगता येत नाही, असंही म्हणाले.

“अरे वा, गिऱ्हाईक मिळालं तुम्हाला,” मेहुणा हसला. “एवढं काय दाजी, कुत्रीच तर आहे.”

अळणीने सगळ्यांत मोठं पातेलं खाली काढलं.

“काय गं,” त्याने बायकोला विचारलं, “सासूबाई आजारपणात काय म्हणायच्या?”

बायकोने भावाकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. तिच्या ध्यानात आलं. “एकाचं पथ्य ते घराचं पथ्य. आजाऱ्यासमोर चमचमीत खायचं नाही.”

“ताई, आई माणसांबद्दल बोलायची!”

“माणूस म्हटलेलं मला नाही आठवत. घरातलं कोणी, म्हणायची. आईचा शब्द मोडणार असशील तर मोड बाबा.”

“आणि बाहेर हादडून आलास,” अळणी म्हणाला, “तर ही कुत्री तुझे हात हुंगेल. नाक शाबूत आहे तिचं.”

मग त्याने आयुष्यभराची विद्या पणाला लावली. कोंबडी उकडून निववली, वर गोठलेली चरबीची साय कणभर न ठेवता काढली, मांसाचे दोरे केले. भात इतका शिजवला की शितांनी आपापसातले मतभेद विसरावेत. त्याच पातेल्यातून आधी कुत्रीच्या वाडग्यात, मग मेहुण्याच्या ताटात. मेहुण्याचं तोंड कडू व्हायचं तेव्हा अळणीच्या घशाखाली तोच भात मटणासारखा उतरायचा.

“दाजी, मिठाचा खडा तरी?”

“आजारी आहे रे ती.”

कुत्री हळूहळू सावरली. पाणी पिऊ लागली, मग एका सकाळी मांजरामागे धावत जिना उतरली. अळणीने तिला गुपचूप नेहमीच्या खाण्यावर आणलं आणि घरात जाहीर केलं, “अजून नरमच आहे.” पातेलं चुलीवरून उतरलं नाही. त्याला आता एकच दृश्य बघायचं होतं : मेहुणा बॅग भरतोय. बॅग कपाटावर होती, ती दिसेल अशी त्याने दाराजवळ आणून ठेवली.

एक गोष्ट मात्र त्याला खटकू लागली होती. जेवणानंतर घरात शांतता असे.

“दाजी, एक बोलू?” मेहुणा एका दुपारी ताटावर म्हणाला. “छातीतली ती जळजळ गेली बघा. किती वर्षांची होती. गोळ्यांची बाटली परवाच फेकली. झोप काय लागते म्हणून सांगू! मी म्हणतो, आता जाऊच कशाला? इथेच राहतो.”

बायको पदराआड खोकली. कुत्री येऊन मेहुण्याच्या पायावर हनुवटी टेकून बसली.

अळणी हातात पळी घेऊन उभा होता. मेहुण्याने रिकामं ताट पुढे सरकवलं.

“भात आहे का अजून? वाढा की थोडा.”

अळणीने वाढला.